उभी गाडी

चालती गाडी विकत घ्यायला आलेला माणूस बॉनेट उघडतो, किल्ली फिरवतो, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून धूर हुंगतो. उभी गाडी घ्यायला आलेला तिच्याभोवती एक चक्कर मारतो आणि मनातल्या मनात तिचं वजन करतो. आमच्या कांदाचाळीच्या कडेला उभ्या असलेल्या पिकअपभोवती अशा चकरा बऱ्याच झाल्या होत्या. भंगारवाला फाळक्यावर बुक्की मारायचा, खाली वाकून चासी बघायचा आणि किलोचा भाव सांगायचा. थोरले काका दरवेळी विचारायचे, "इंजिन धरून का सोडून?" तो म्हणायचा, "लोखंड ते लोखंड काका, त्यात काय धरायचं अन् काय सोडायचं?" काकांना हे उत्तर मानवत नसे. चहा व्हायचा आणि भंगारवाला रिकाम्या हाताने जायचा.

गाडी 1990ची, नंबर एमएच 15, म्हणजे नाशिकचाच. महिंद्राने 1979 साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एक्सडीपी 4.90 या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि पुढे ही इंजिनं इगतपुरीच्या कारखान्यात बनू लागली. आमच्या गाडीत तेच आहे. त्याचं मोजमाप नावातच लिहिलेलं आहे: सिलिंडर चार, प्रत्येकाचा व्यास 90 मिलिमीटर. पिस्टनची धाव 83 मिलिमीटर. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे गुणाकार केल्याशिवाय राहवत नाही. 2112 सीसी भरतात. फ्रान्समध्ये रेखाटलेलं, इगतपुरीच्या पावसात जुळवलेलं आणि निफाड तालुक्यातल्या काळ्या मातीत झिजलेलं असं हे इंजिन.

माझ्या लहानपणी तिचं काम एकच, चाळीतला उन्हाळ कांदा लासलगावला न्यायचा. बाजार समितीच्या आवारात गाड्यांची रांग लागे, व्यापारी आणि लिलाव पुकारणारे एकेका गाडीपाशी थांबून मूठभर कांदे उचलत, एखादा फोडून बघत, आणि क्षणभरात भाव पडे. मग पावती घेऊन व्यापाऱ्याच्या खळ्यावर गाडी खाली करायची. परत येताना हौद्यात फक्त कांद्याचा पाला आणि आम्ही पोरं. काका गाडी उतारावर लावत, कारण सेल्फवर त्यांचा तेव्हाही विश्वास नव्हता.

ती उभी राहिली त्याला मोठं कारण नव्हतं. मोठ्या कारणाने गाडी बंद पडली की माणूस धावपळ करतो, मिस्त्री बोलावतो, पैसे उभे करतो. आमच्या गाडीचं मागचं डावं चाक जाम व्हायला लागलं, एवढंच. द्राक्षाची छाटणी तोंडावर आली होती. ट्रॅक्टर-ट्रॉली दारात होती. त्यात भाड्याच्या नव्या पिकअप गावोगाव झाल्या. रात्री फोन केला की पहाटे चाळीपाशी हजर, आणि आमच्या गाडीपेक्षा जास्त माल घेणाऱ्या. चुलतभाऊ म्हणाला, दिवाळीनंतर बघू. अशा दिवाळ्या येत-जात राहिल्या. हौद्यात आधी रिकामे क्रेट ठेवले गेले, मग ठिबकच्या जुन्या नळ्या, मग ज्याला दुसरीकडे जागा नाही ते सगळं. केबिनमध्ये कोंबडी अंडी घालायला लागली.

चालण्याने गाडी झिजते हे सगळ्यांना माहीत असतं. उभं राहिल्याने काय होतं ते बॉनेट उघडल्यावर कळतं. इंजिनाच्या आत, जिथे तेलाचा पातळ थर राहिलेला होता, तिथे लोखंड बऱ्यापैकी शाबूत होतं. रबर मात्र सगळं मेलेलं. रेडिएटरचा होज पाइप हातात घेतला तर वाळल्या भाकरीसारखा मोडला. चाकांमधल्या ब्रेकच्या वाट्या, क्लचच्या सिलिंडरमधलं सील, डिझेलच्या परतीच्या बारीक नळ्या, काचांची रबरं यांतलं काहीच कामाचं उरलं नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. गाडी पळती असली की ते मधूनमधून बदललं जातं. उभ्या गाडीत तेच पाणी सिलिंडरच्या आतल्या गुळगुळीत भिंतीला खड्डे पाडत बसतं. वायरिंग उंदरांनी कुरतडलं होतं. सायलेन्सरच्या तोंडाशी आणि डिझेल टाकीच्या हवेच्या नळीत कुंभारमाशीने चिखलाची घरं करून दोन्ही बुजवून टाकलेली. नळी दिसली की आत घर करायचं, हा त्या माशीचा स्वभाव, आणि जुन्या गाडीला नळ्यांची काय कमतरता.

टाकी सगळ्यात वाईट होती. रिकाम्या राहिलेल्या जागेत दिवसा-रात्रीच्या तापमानाच्या फरकाने दव धरतं, ते पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून तळाशी जातं, आणि पाणी व डिझेल जिथे एकमेकांना टेकतात त्या सीमेवर जंतू वाढतात. त्यांचा काळा बुळबुळीत साका टाकीच्या तळाशी बोटभर बसला होता. वर जे डिझेल होतं त्याला डिझेलचा वास राहिला नव्हता, जुन्या वॉर्निशचा येत होता. हे इंजिनात गेलं असतं तर पंपाच्या आत, जिथे भाग एकमेकांत मिलिमीटरच्या काही हजाराव्या हिश्शाच्या फटीने बसवलेले असतात, तिथे जाऊन अडकलं असतं.

आणि नेमकं हेच करायला सगळं गाव उत्सुक होतं. बॉनेट उघडं दिसलं की आमच्याकडे माणसं जमतात. गाडी तुमची असली तरी मत त्यांचं असतं. "ट्रॅक्टरची बॅटरी लाव अन् मार सेल्फ." "सेल्फ कशाला, टोचन लावून ओढू ना भो, तिसऱ्यात टाक अन् सोड क्लच." "एअर क्लीनर काढून पेट्रोलचा बोळा धर, अशी उठंल!" यातला शेवटचा सल्ला सगळ्यात आत्मविश्वासाने दिला जातो आणि सगळ्यात घातक असतो. ज्या इंजिनात हीटर प्लग असतात त्यात ते लाल झालेले असताना पेट्रोलची वाफ आत ओढली गेली तर ती पिस्टन वर येण्याची वाट बघत नाही. काकांनी हे कुठे वाचलेलं नव्हतं, पण एका माणसाच्या भुवया जाताना त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना बाजेवर बसवलं आणि मला म्हणाले, "पोरी, आधी इंजिन हातानं फिरतंय का ते बघ. फिरत नसंल तर ह्यांच्या ट्रॅक्टरानं काय व्हायचंय? रिंगा तुटतील."

म्हणून सुरुवात हीटर प्लग काढण्यापासून झाली. ते काढले की सिलिंडरला चार भोकं मिळतात. दाब धरला जात नाही, आणि आत तेल सोडता येतं. थोडं डिझेल, थोडं इंजिन ऑइल, असं मिश्रण प्रत्येक भोकात सोडून झाकून ठेवलं. ते पिस्टनच्या रिंगांपाशी झिरपायला वेळ लागतो आणि त्या वेळात करण्यासारखं काही नसतं. मला वाटतं, घरच्या दुरुस्तीत आणि गॅरेजच्या दुरुस्तीत खरा फरक इथे आहे. गॅरेजवाल्याला जागा मोकळी करायची असते, म्हणून तो हातोडा घेतो. आपल्याकडे गाडी तशीही इतकी वर्षं उभीच होती, आणखी एक शनिवार तिला काय जड. पुढच्या खेपेला नाशिकहून आले, क्रँकच्या पुलीच्या नटाला मोठा पाना लावला, काकांनी त्याला पाइप अडकवला. आधी काही नाही. मग कुठेतरी आत बारीक करकर झाली आणि पाना नखभर सरकला. उलट फिरवला, पुन्हा सुलट. काकांचं लक्ष पान्याकडे नव्हतंच, ते पंख्याकडे बघत होते. पंखा हलला तेव्हा म्हणाले, "आता सांग त्या भंगारवाल्याला, लोखंड का इंजिन ते."

यापुढचा भाग मला आधी अजिबात माहीत नव्हता, आणि लिहायचं आहे ते खरं त्याबद्दल. घरी गाडी दुरुस्त करणं म्हणजे घरातल्या घरात, अंगणात, आपल्या दोन हातांनी, असं चित्र डोळ्यांसमोर होतं. प्रत्यक्षात अंगणात फक्त खोलणं आणि जोडणं होतं. मधल्या काळात गाडी तालुकाभर विखुरलेली असते. टाकी एकीकडे, रेडिएटर दुसरीकडे, सेल्फ तिसरीकडे, पंप आणि नोझल पिंपळगावला, ब्रेकचे ड्रम ओझरला. माझ्या स्कूटरच्या पुढच्या जागेत तेव्हा काय काय बसलं ते सांगत नाही. एक जुनी गाडी रस्त्यावर असते म्हणजे तिच्यामागे अशी दहा-बारा दुकानं उघडी असतात, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. आणि त्यातली कोणती अजून उघडी आहेत हे शोधण्याचा दुसरा मार्गही नाही. भाग हातात धरून विचारत सुटायचं.

रेडिएटरवाल्याचं दुकान बस स्टँडच्या मागे होतं तिथे आता मोबाईलचं आहे. मोबाईलवाल्यानेच सांगितलं की ते घराच्या ओट्यावर काम करतात. आमचा रेडिएटर पितळ-तांब्याचा, जुन्या पद्धतीचा. आमच्या भागातलं बोअरचं पाणी क्षारांचं, आणि वर्षानुवर्षं तेच ओतलेलं. नळ्या आतून पांढऱ्या थराने बुजल्या होत्या. त्यांनी बर्नर पेटवला, वरची टाकी डाग वितळवून अलगद सोडवली आणि एक लांब चपटी पट्टी घेऊन एकेका नळीतून आरपार घालायला सुरुवात केली. हे काम बघत बसण्यासारखं आहे. पट्टी अडते, ते जोर करत नाहीत, मागे घेऊन पुन्हा घालतात. मग पलीकडून पांढरी भुकटी पडते. नव्या गाड्यांचे रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचे, टाक्या प्लास्टिकच्या, कडेने दुमडून बसवलेल्या. "त्याला डाग लागत नाही, ताई. फुटला की फेकायचा." तक्रारीचा सूर नव्हता. अ‍ॅल्युमिनियम हलकं, स्वस्त, आणि उष्णतेच्या बाबतीत पुरेसं चांगलं आहे, हे त्यांनाही माहीत. त्यांचं काम आता फवारणीच्या ट्रॅक्टरांच्या जुन्या रेडिएटरवर चालतं. मुलगा नाशिकला कुरिअरमध्ये आहे.

सेल्फवाला मात्र जोरात होता. त्याने आर्मेचर हातात फिरवून बघितलं, झिजलेले कार्बन उडवून लावले, बुश बदलले, बेंडिक्स धुऊन दिला आणि पूर्ण वेळ त्याचं लक्ष दुसऱ्याच कामात होतं. दुकानभर पाणबुडी मोटारी उघड्या पडलेल्या. विहिरी खोल गेल्या, बोअर वाढले, मोटारी जळायला लागल्या, आणि ज्या हाताला तांब्याच्या तारेचे वेढे देता येत होते त्याला काम मिळालं. गाडीच्या सेल्फवर त्याचं घर चालत नाही. तो जुन्या ओळखीखातर ते करतो. ऑइल सीलच्या दुकानाची गोष्ट तिसरीच. तिथे गाडीचं नाव सांगायचंच नसतं. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, एवढं सांगा. सील मळणी यंत्राचं असो की फ्रेंच इंजिनाचं, खोक्यातून निघतं. हे दुकान मला वाटतं आणखी शंभर वर्षं चालेल.

सगळ्यात जास्त वेळ मी पंप-नोझलच्या दुकानात काढला. मालकांना सगळे चाचा म्हणतात. हाताने दाबायच्या तरफेच्या यंत्रावर त्यांनी आमचं नोझल बसवलं आणि तरफ दाबली. दाबाचा काटा शंभर बारच्या पुढे चढला आणि नोझलमधून फवारा नाही, धार आली. त्यांनी माझा हात मनगटाला धरून मागे सारला. हा दाब कातडी भेदून डिझेल आत घालतो, बाहेरून टोचल्याएवढी खूण दिसते, आणि मग बोट जातं. नोझल खोलून, साफ करून, सुई बदलून, खाली पातळ चकत्या घालून दाब जुळवल्यावर पुन्हा तरफ दाबली तेव्हा कुरकुर असा आवाज आला आणि शंकूच्या आकाराचं धुकं उडालं. चाचा काट्याकडे बघतसुद्धा नव्हते. ते त्या आवाजाची वाट बघत होते. शेजारीच नव्या कॉमन रेल गाड्यांचे इंजेक्टर एका डब्यात चिठ्ठ्या लावून ठेवलेले होते. त्यांचा दाब हजार बारच्या कितीतरी पुढचा, उघडझाप संगणकाच्या हुकमाने सेकंदाच्या हजाराव्या भागात होणारी. ते तपासायचं यंत्र चाचांकडे नाही, नाशिकला पाठवतात. "आमचा हिस्सा त्यात पोस्टमनचा," ते म्हणाले. मग पंप बांधता बांधता त्यांनी विचारलं, "गाडी चालवतं कोण?" मी म्हणाले, "मीच." ते थोडं थांबून म्हणाले, "मग क्लचची केबल नवी टाका, जुनीनं पाय दुखंल." केबल नाही, त्या गाडीला तेलावरचा क्लच आहे, हे काकांनी नंतर हसत हसत सांगितलं, चाचांचं जग पंपापाशी संपतं आणि तिथवर ते बिनचूक असतं.

ओझरला लेथवर बसणारे गृहस्थ विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. मिग विमानं बनवायला 1964 साली तिथे कारखाना उभा राहिला आणि त्याने आजूबाजूच्या गावांना मायक्रोमीटर धरणारे हात दिले, याचा हिशेब कुठल्या अहवालात येत नसावा. त्यांनी आमचे ब्रेक ड्रम चार ठिकाणी मोजले, एकाची गोलाई बिघडलेली आहे असं सांगितलं, अंगावरचा गंजाचा पापुद्रा काढण्याइतकाच टर्न मारला आणि खडूने ड्रमवर आकडा लिहिला. "अजून एकदा मिळंल, त्याच्यापुढं नाही." विमानांचा विषय मी काढून बघितला. ते ड्रमबद्दलच बोलत राहिले.

जोडणी झाल्यावर इंजिन चालू करणं तुलनेने लवकर आटोपलं, त्यामुळे ते इथेही लवकरच सांगते. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा वीस पटीने दाबली की फळ्यावरच्या हिशेबात ती 700 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि तिच्यात उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. खऱ्या इंजिनात थंड लोखंड त्यातली बरीच उष्णता खाऊन टाकतं, झिजलेल्या रिंगांमधून दाब निसटतो, म्हणून या इंजिनात हीटर लागतात. हे मात्र वर्गात सांगायचं मला कधी सुचलं नव्हतं, आता सांगते. हीटर बॅटरीला लावून एकेक तपासले, तीन लाल झाले, चौथा काळाच राहिला, तो बदलला. नवं डिझेल भरलं. 2020च्या एप्रिलपासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक दशलक्षात 10 भागांपुरतंच उरलंय. ही गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा ते शेकड्यात मोजत. मग एअर काढायची. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचं, बुडबुडे संपून सलग डिझेल आलं की आवळायचा. मग 17 नंबरच्या पान्याने नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून सेल्फ द्यायचा, एकेक नळी डिझेल थुंकायला लागली की बंद करायची. बॅटरी ट्रॅक्टरचीच होती, म्हणजे बाजेवरच्या मंडळींचा तेवढा सल्ला कामी आला.

आधी एक सिलिंडर बोलला, मग दोन, आणि पांढऱ्या धुराने चाळ दिसेनाशी झाली. चौथा सामील झाला तेव्हा सगळं अंगण थरथरत होतं, कोंबड्या बांधावर गेल्या होत्या आणि वहिनी ओसरीवरून ओरडत होती की वाळत घातलेले कपडे काढा. तेलाचा दिवा विझला. पाणी कुठून गळत नव्हतं. मी किल्ली बंद केली. इंजिन चालूच. या गाडीचं इंजिन किल्लीने बंद होत नाही, डॅशबोर्डवरची मूठ ओढून पंपाचं डिझेल तोडावं लागतं, आणि त्या मुठीची तार इतक्या वर्षांत गंजून नळीत चिकटलेली. मी ओढते आहे, मूठ हातात यायची बाकी. विजेवर ज्याचं काहीच अडत नाही असं यंत्र सुरू होताना जितकं आवडतं तितकं ते बंद होत नसताना आवडत नाही. काका उठले, बॉनेटखाली हात घातला आणि पंपावरचा छोटा खटका अंगठ्याने ढकलून धरला. इंजिन दोनदा हिसका देऊन थांबलं. "ती तार पहिल्यापासूनच अडायची," ते म्हणाले. "आम्ही असंच बंद करायचो."

आता कोणी म्हणेल, या सगळ्याचा उपयोग काय. भाऊ म्हणतोच. झालेला खर्च आणि भंगाराचा भाव यांची बेरीज त्याने मला कागदावर करून दाखवली आणि ती बरोबर आहे. जुनं ते सोनं असं मला अजिबात वाटत नाही. त्या धुरात मी उभी होते; तो आजच्या कुठल्याही गाडीच्या धुरापेक्षा वाईट आहे. केबिनमध्ये पट्टे नाहीत, स्टिअरिंग जड आहे, कांदा भरून उतारावर ब्रेक दाबताना काका देवाचं नाव घ्यायचे ते केवळ श्रद्धेने नव्हे. ज्याला रोज माल वाहायचा आहे त्याने नवी गाडीच घ्यावी. सरकारने 2021मध्ये जुन्या गाड्या मोडीत काढायचं धोरण आणलं, 2022च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या फिटनेसचं शुल्क कितीतरी पटीने वाढवलं. शहरातल्या हवेचा विचार केला तर त्यात मला गैर दिसत नाही. माझं म्हणणं त्याहून लहान आहे. गाडी मोडीत काढली की तिचं लोखंड वितळून पुन्हा कामाला येतं, त्याची व्यवस्था आहे. ज्या माणसाला नोझलचा आवाज ओळखता येतो त्याची अशी व्यवस्था नाही. सेल्फवाल्याला पाणबुडी मोटारींनी तारलं, तो योगायोग. रेडिएटरवाल्याच्या पट्टीला तसं दुसरं काम मिळालं नाही. हा फरक कौशल्याचा नव्हता, आणि तो बघायला मला एक मोडकी गाडी हातात घेऊन तालुक्यात हिंडावं लागलं.

इंजिन चालू झाल्यावर बाजेवरची मंडळी पांगली. त्यांच्या दृष्टीने काम झालं होतं. खरं काम त्यानंतर सुरू झालं, कारण चालू होणाऱ्या गाडीपेक्षा थांबणारी गाडी करणं अवघड. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती. ती सोडवायला पेडल दाबून धरून, गिअरमध्येच गाडी सुरू करून शेतात आचके खात फिरवली. चारही चाकांच्या ब्रेकचे सिलिंडर नवे घातले, मास्टर सिलिंडरसाठी नाशिक पालथं घातलं आणि शेवटी तो सिन्नरच्या एका दुकानात वरच्या फळीवर धूळ खात सापडला. दुकानदाराने किंमत जुनी लावली, कारण खोक्यावर तीच छापलेली होती. टायरवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते वाचून चारही टायर उतरवले, त्यावर चर्चा केली नाही.

सध्या गाडी शिवारातल्या शिवारात चालते. चाळीपासून मळ्यापर्यंत खत नेते, येताना चारा आणते. रस्त्यावर काढायची तर माल वाहणारी जुनी गाडी म्हणून दरवर्षी फिटनेस लागेल, विमा, पीयूसी, पर्यावरण कर, आणि मधल्या वर्षांचा दंड. एजंटाने यादी दिली आहे. त्यात सगळ्यात वर चासी नंबरची पेन्सिलने काढलेली छाप. चासीवर तो नंबर जिथे ठोकलेला असतो तिथे आमच्या गाडीवर गंजाचा जाड पापुद्रा आहे, आणि जोराने घासलं तर पापुद्र्याबरोबर आकडेही जायचे. काका म्हणतात रॉकेल लावून दोन दिवस भिजू दे. ओझरचे लेथवाले म्हणाले वायर ब्रश अजिबात नको, पितळेचा घ्या. भाऊ म्हणतो, नंबर निघाला तर दंडाचे पैसे तो भरेल, पण रंग मी द्यायचा आणि पांढरा द्यायचा नाही. पितळेचा ब्रश मी आणलाय. रॉकेल आता रेशनवर मिळत नाही, म्हणून डिझेलच लावून ठेवलं आहे.